तिसऱ्या भागाची सावड

“तिसरा भाग कधी?”

हा प्रश्न मला दाताच्या डॉक्टरनं माझं तोंड उघडं असताना विचारलाय. लिफ्टमध्ये विचारलाय. डोंगर फोडण्याविरुद्धचं निवेदन घेऊन एका कचेरीच्या पायरीवर चार तास बसले होते, तेव्हा आतून आलेल्या कारकुनानंही विचारलाय. निवेदन घेतलं नाही बाबानं, तिसऱ्या भागाची चौकशी मात्र मनापासून केली.

मी दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत, अद्भुत प्रकारातल्या. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं गाव अजून चालू आहे, तिथं चुली पेटतात, पाण्यातून रेडे चरत हिंडतात, अशी ती गोष्ट. पहिल्या भागात वरच्या गावातली एक मुलगी आपल्या घराण्याच्या जुन्या चुलीतला विस्तव आणायला खाली उतरते. दुसऱ्या भागात तिला कळतं की परत वर जायचं तर आपलं काहीतरी खाली ठेवावं लागतं. ती सावली ठेवते. सावली खाली कारभारीण होऊन बसते आणि मुलगी वर येऊन भर उन्हात बिनसावलीची फिरते. इथं दुसरा भाग संपतो.

तिसरा नाही, कारण मला तो माहीत नाही. आणि पहिले दोनही माझ्या डोक्यातून आलेले नाहीत. एवढी साधी गोष्ट मी एकाही वाचकाला कधी सांगितली नव्हती. ज्या बाईच्या तोंडून ते दोन भाग आले, ती वरच्या वाडीत धडधाकट होती, पण सत्तरी ओलांडलेली होती. ती आहे तोवर तिच्याकडून तिसरा भाग मिळवायचा आणि तिचं तिला द्यायचं, ही दोन कामं माझ्यावर होती. दोन्ही मी टाळत होते. दुसऱ्यांनी काय काय टाळलं, यावर मात्र माझी पत्रकं भरून वाहत होती.

आमचं घर मुळशीतल्या रिह्याच्या खोऱ्यात. रस्त्याच्या खालच्या अंगाला आमची तीन खाचरं होती, एकाखाली एक. भाताची लावणी सावडीनं व्हायची. आज सगळ्या घरांनी आमच्या खाचरात वाकायचं, उद्या शेजारच्यांच्या, परवा पलीकडच्यांच्या. कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत, दिवसाला दिवस फेडायचा. ऐकायला किती गोड वाटतं! या सावडीवर मी भाषणांत टाळ्या घेतल्यात. पण भाषणात जे सांगितलं नाही ते इथं लिहिते. ती सावड आमच्या-आमच्यातली होती. डोंगरावरच्या वाडीतल्या बायका यायच्या त्या मजुरीवर. त्यांच्या खाचरात आमच्यातलं कुणी कधी वाकायला गेलं नाही. त्यांनाही खाचर असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तरीही ते दिवस आठवले की माझा सगळा राग पाय आखडून बसतो. पायाच्या बोटांमधून वर येणारा गार चिखल. डोक्यापाठीवर घेतलेल्या इरल्याच्या पानांवर पडणाऱ्या सरींचा आवाज, जो इरल्याच्या आतून ऐकला तर वेगळाच येतो, कुणीतरी कानाशी तांदूळ पाखडतंय असा. काळवंडलेल्या किटलीतला गुळाचा कोरा चहा, त्यात पडलेला पाऊस, आणि तो पाऊस धरून चहा प्यायचा. बांधाच्या भोकात हात घालून खेकडा धरायचा आणि त्यानंच बोट धरलं की बोंबलायचं. लावणीच्या आठवड्यात शाळा बुडवली तरी गुरुजी विचारत नसत. कारण गुरुजीही कुठल्यातरी खाचरात वाकलेले असायचे.

मी अकरा वर्षांची होते. आम्हा पोरांचं काम म्हणजे रोपांच्या जुड्या बायकांकडं फेकायच्या. मी ते काम दुसऱ्या पोरांवर ढकलून वरच्या वाडीतल्या त्या गोष्टवाल्या मावशीच्या शेजारी रांगेत घुसायचे. ती तेव्हा पन्नाशीची असेल. काटक, पुढचा एक दात पडलेला, आवाज सरींच्याही वर ऐकू येणारा. लावणी करताना माणूस मागं मागं सरकत जातं. बायका मागं सरकायच्या आणि तिची गोष्ट पुढं सरकायची.

तिचा एकच नियम होता. हात चालू, तोवर गोष्ट चालू. भाकरीला बसलं की ती गप्प. मी जेवताना तिच्या मागं लागायचे, “मावशी, सांग ना, विस्तव मिळाला का?” ती भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत म्हणायची, “हात रिकामा हाय माझा? गप जेव.”

माझी चुलती रांगेतली सगळ्यात फटकळ बाई. ती मध्येच तोंड घालायची. “अगं पर पाण्याखाली चूल कशी पेटंल?”

“तुज्या घरात ग्यास असून सैपाक व्हत न्हाई, तितं पाण्यात व्हतो. आता काय करशील?”

अख्खी रांग चिखलात हात टेकून हसायची. चुलतीही हसायची, पण संध्याकाळी मजुरी देताना तोंड वाकडं करायची.

पहिल्या वर्षी मुलगी विस्तवापर्यंत पोचली तेव्हा शेवटच्या खाचराचा शेवटचा कोपरा उरला होता. दुसऱ्या वर्षी सावली खाली राहिली. त्या दिवशी मी घरी येताना ऊन नव्हतं, तरी दर दहा पावलांवर मागं वळून बघत होते. तिसऱ्या वर्षी आमच्या खाचरांना तारेचं कुंपण पडलं. वडिलांनी जमीन विकली होती. आता तिथं हिरवळ आहे, फार्महाऊस आहे आणि पोहायचा तलाव आहे. पाणी आमच्या खाचरातही होतंच, यांनी त्याला फक्त निळा रंग दिला. शनिवारी-रविवारी तिथं एवढ्या मोठ्यानं गाणी लागतात की समोरच्या डोंगरावरून ती दुसऱ्यांदा ऐकू येतात.

मी पुढं पुण्याच्या कडेला, मारुंजीत खोली घेऊन राहिले. दिवसा नोकरी, बाकी वेळ पत्रकं. मी लिहायला पत्रकांतूनच शिकले. पहिल्या ओळीत माणसाची गचांडी धरायची, दुसऱ्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं, शेवटी कुठं जमायचं ते. कादंबरी अशी लिहिता येत नाही, हे मला एक वर्ष फाडाफाडी केल्यावर कळलं. मग मी डोळे मिटून खाचरात उभी राहिले आणि तिला बोलू दिलं. पुस्तक झालं. दुसरंही झालं. लोकांना आवडलं. दोन्ही पुस्तकांच्या अर्पणपत्रिकेत मी छापलं, ‘मुळशीच्या मातीला.’

मातीला! मातीचं एक बरं असतं. ती कधी येऊन विचारत नाही की माझं नाव कुठंय.

पहिलं पुस्तक आल्यावर मी तिच्याकडं गेले होते, नाही असं नाही. साडी घेतली, पेढे घेतले, पुस्तक घेतलं आणि डोंगर चढून वाडीत गेले. तिनं पेढा खाल्ला. पुस्तक हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं. साडीची पिशवी मात्र परत माझ्या मांडीवर ठेवली.

“ही कशाची?”

“अगं, तुझी गोष्ट आहे ना यात.”

“मग साडी कशाला?”

मला वाटलं, रागावली. मी विषय बदलला. “मावशी, तिसरा भाग सांग ना. पुढं काय झालं?”

“ये की लावणीला,” ती म्हणाली.

“आता कुठली लावणी? आमची खाचरं गेली.”

पेढ्यांचा पुडा गुंडाळत ती म्हणाली, “व्हय, तुमची गेली.” मी साडी घेऊन खाली उतरले. उतरताना जमीन विकत घेणाऱ्यांवर एक जळजळीत पत्रक डोक्यात तयारही झालं. तिसरा भाग खाचराबरोबर गेला, असं त्यात होतं. हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढची कित्येक वर्षं मी ते प्रत्येक कार्यक्रमात वापरलं.

गेल्या पावसाळ्यात मारुंजीतल्या एका सोसायटीनं मला वाचकांशी गप्पा मारायला बोलावलं. क्लबहाऊसमध्ये चाळीसेक माणसं, गार एसी, समोसे. पहिला हात गळ्यात ऑफिसचं कार्ड असलेल्या माणसाचा.

“मॅम, ही ट्रिलॉजी आहे की सिरीज पुढं कंटिन्यू होणार?”

“आधी तीनपर्यंत तर मोजू द्या.”

“रेड्यावर प्रीक्वेल लिहाल का? माझ्या मुलाला तो रेडा इतका आवडलाय की तो म्हशीचं दूध प्यायला लागला.”

“रेड्याला विचारून कळवते.”

“मुलीला नाव का नाही?”

“नाव दिलं की ती कुणातरी एकाच घरची होते,” मी म्हटलं. लोकांनी माना डोलावल्या. वाक्य चांगलंच होतं. तेही तिचंच होतं, चुलतीला दिलेलं उत्तर.

मग दहावीतली एक मुलगी उभी राहिली. तिच्या हातातली दोन्ही पुस्तकं वाचून वाचून फुगली होती. “ताई, तिला तिची सावली परत मिळणार का? तेवढंच सांगा. बाकी नाही सांगितलं तरी चालेल.”

मी माझं ठेवणीतलं काढलं. “तिसरा भाग एका खाचरात होता. ते खाचर विकलं गेलं. तिथं आता पोहायचा तलाव आहे. तिसरा भाग त्या मालकाकडं मागा!” टाळ्या पडल्या. ज्यांचे मुळशीत बंगले आहेत त्यांनीही वाजवल्या. ती मुलगी वाजवत नव्हती. तिला उत्तर मिळालंच नव्हतं.

समोसे खाताना एक निवृत्त शिक्षिका माझ्याजवळ आल्या. “एक विचारू? गोष्ट खाचरात कशी असेल हो? सांगणारं कुणीतरी असेल ना?”

“होतं.”

“होतं की आहे?”

“आहे.”

“मग त्यांना विचारलंत का?”

“विचारलं होतं एकदा.”

“एकदाच?” त्या म्हणाल्या आणि माझ्या बशीत चटणी वाढून निघून गेल्या. मास्तरकी केलेल्या बायका अशाच असतात. शिक्षा करून झाली तरी आवाज चढत नाही.

पुढच्या रविवारी मी गाडी पायथ्याला लावली आणि वर चढले. या वेळी हात रिकामे होते. ती अंगणात बसून रोपांच्या जुड्या बांधत होती. दातांची संख्या आणखी कमी झालेली, हातांचा वेग तेवढाच.

“मावशी, गोष्टीचं विचारायला आले.”

“लई लौकर आलीस.”

“चेष्टा नको करू. तिसरा भाग सांग. लोक विचारतात, मी खोटं बोलून बोलून दमले.”

तिनं जुडी खाली ठेवली. “मी काय सांगू? बारी तुझी हाय.”

“माझी?”

“मग कुनाची? दोन वर्सं तुमच्या खाचरात मी सांगितली. आता माझ्या खाचरात तू सांगायची. सावड कशाला म्हनत्यात?”

“पण तू तर मजुरीवर यायचीस.”

“हातांची मजुरी व्हती बाय. वाकले, लावली, पैकं घेतलं, मिटलं. गोष्ट कवा मजुरीत व्हती? तुज्या बानं गोष्टीचं काय दिलं का मला? मी बी मागितलं न्हाई. गोष्ट सावडीची. तुजी चुलती काय यायची न्हाई, ते मला ठावं व्हतं. पर तू हावऱ्यावानी ऐकत व्हतीस. म्हनलं, ही येईल.”

“मला नीट सांगायचंस ना तेव्हाच!”

“सांगितलं की. ये म्हनलं लावणीला.”

“मला वाटलं...”

“तुला वाटलं लावणी म्हंजी तुमचीच.”

घराच्या मागं, उतारावर दगडी बांध घालून केलेलं तिचं खाचर होतं. दोन खोल्यांएवढं. त्याच्या वर आणखी एक पट्टी. पाणी भरून, चिखल करून तयार. मी साडी घेऊन आले होते तेव्हाही ते तिथंच होतं. मी त्याला पाठ करून बसले होते आणि तिला सांगत होते की आता कुठली लावणी. जमिनी लाटणाऱ्यांविरुद्ध गळा सुकवणारी मी, मला उभ्या जन्मात तिची जमीन दिसली नव्हती. साडी म्हणजे काय होतं तेही आता कळलं. मी सावडीच्या माणसाला मजुरी द्यायला गेले होते.

मला रडू येत होतं, म्हणून मी मोठ्यानं बोलायला लागले. ही माझी जुनी खोड. “मी दोन्ही पुस्तकांवर तुझं नाव छापायला लावते. माझ्या नावाच्या वर. प्रकाशक नाही म्हणाला तर त्याच्या दारात बसते.”

“बस. पर पुस्तकावर नाव लावून मला काय? सातबाऱ्यावर लाव की. खाचर अजून सासऱ्याच्या नावावं हाय, त्याला मरून लई वर्सं झाली.”

“तेही करते.”

“ते बी कर. आधी वाक.”

प्रकाशकाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तो म्हणाला, वाचकांचा गोंधळ होईल. म्हटलं, होऊ दे, माझा झालाच आहे. नव्या आवृत्तीत नाव येतंय. सातबाऱ्याचे कागद गोळा करते आहे. त्यात कुणी शिक्का मारायचं टाळलं तर पत्रक लिहायला मी अजून विसरलेले नाही.

पण मी सांगत होते ते त्या रविवारचं. पॅन्ट गुडघ्यावर दुमडली आणि चिखलात उतरले. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिची सून, पलीकडं शेजारीण. इरली आता कुणी घेत नाही. सगळ्यांच्या अंगावर निळ्या प्लास्टिकच्या खोळी. पण चिखल तसाच होता. पाय आत गेला आणि वीस-बावीस वर्षं कुठं गेली ते कळलं नाही.

“मावशी, खरं सांग, तिसरा भाग तुझ्याकडं आहेच ना?”

“असता तर तुज्या तोंडाकडं बघत बसले असते व्हय?”

“मग ते पहिले दोन?”

“वाकलं का सुचायचं. पाठ दुखती म्हून बोलायचं, पाठीकडं ध्यान नको. कर सुरू.”

मी घसा साफ केला. “तर, पिढ्यान्‌पिढ्या बुडवल्या गेलेल्या त्या गावाची ती मुलगी, व्यवस्थेनं जिची सावलीसुद्धा...”

“भाषण न्हाई,” ती म्हणाली. “गोष्ट.”

सून खोळीत तोंड लपवून हसली. मी चार रोपं लावली. पाचवं लावताना सुचलं. “त्या पाण्यावर एक नावाडी होता. तो या काठावरची माणसं त्या काठाला सोडायचा. एक दिवस भर उन्हात ती मुलगी त्याच्या नावेत बसली. त्यानं बघितलं, नावेत माणसं सहा आणि सावल्या पाच.”

“नावाडी लगीन झालेला का?” शेजारणीनं विचारलं.

“हो, झालेला. बायको आहे त्याला.”

“मग काय कामाचा!”

“पळवून नेतोय बघा तिला,” सून म्हणाली.

“नाही नेत.”

“मग नाव कशाला चालवतोय?”

“तुमी गप ऱ्हावा गं,” म्हातारी म्हणाली. “आनि तू. गोष्ट सरळ चाललीया, रांग वाकडी. नीट लाव.” तिनं माझी सहा-सात रोपं उपटून पुन्हा लावली, माझ्या डोळ्यांदेखत.

आम्ही मागं सरकत राहिलो. नावाड्यानं मुलीला पाण्याच्या मधोमध नेलं. तिथं वल्हं खाली सोडलं तर ते खालच्या गावातल्या देवळाच्या कळसाला लागायचं. मला दहावीतल्या मुलीचा चेहरा आठवला. म्हटलं, तिचं काम करून टाकू. “आणि मग मुलीनं पाण्यात हात घातला आणि खालून तिच्या सावलीनं हात वर केला, आणि सावली परत...”

“दिलीस लगीच?” ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “आनि खाली कारभार कोन बघंल? बसलीया ती तितं इतकी वर्सं, चुली पेटवतीया, रेडं राखतीया. तुला पायजे म्हून ती उठून यायची व्हय?”

गेलेलं परत द्या, एवढंच मी आजवर लिहीत आले होते. जे गेलंय त्याला परत यायचंय का, हे मी कधी विचारलं नव्हतं. मुलीचा हात पाण्यात तसाच राहिला.

खाचर संपलं, गोष्ट संपली नाही. माझी पाठ मोडली होती, बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. मी बांधाला टेकले. ती मात्र गुडघ्यावर हात देऊन वरच्या पट्टीत चढली आणि तिथून रोपांची एक जुडी माझ्या पायाशी फेकली. चिखल तोंडावर उडाला.

“हात त्या पोरीचा पान्यात राहू दे थोडा,” ती म्हणाली. “त्या नावाड्याच्या बायकूचं सांग. ती घरी काय करतीया? तिला ठावं हाय का, ह्यो कुनाकुनाला नावंत बशिवतोय ते?”

नावाड्याला बायको आहे, हे मी मघाशी शेजारणीचं तोंड बंद करायला म्हटलं होतं. ती कोण, कशी, मला काही ठाऊक नव्हतं. मी जुडी उचलली, वरच्या पट्टीत चढले आणि वाकले.